म्होरक्या कोणाला म्हणावें?

(नभोवाणीवरील भाषण)

रॉक संगीताच्या इतिहासांतील सर्वश्रेष्ठ फ्रंटमन कोण, हा प्रश्न इंग्रजी मासिकें दर दोनचार वर्षांनीं नव्यानें उकरून काढतात, आणि दर वेळीं त्याचें उत्तर निराळें येतें. शंभर नांवांची यादी छापली जाते. वाचक तिच्यावर तुटून पडतात. आपला आवडता गायक सतरावा आलेला पाहून कोणाला अन्न गोड लागत नाहीं. आणि पुढल्या खेपेस तोच गायक पांचवा येतो. मधल्या काळांत त्यानें एकही नवी ओळ गाइलेली नसते. पुष्कळदां तो हयातही नसतो. मग क्रमांक बदलला कशानें? माझ्या समजुतीप्रमाणें, काय मोजावयाचें हें न ठरवितांच मोजावयास बसल्यानें. ज्याचीं छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं, त्याला ही गोष्ट चटकन् दिसते. गुण देण्यापूर्वीं प्रश्न काय विचारला होता तो वाचावा लागतो.

प्रश्न असा आहे. रॉक बँड म्हणजे चारपांच जणांचा ताफा: विजेवर चालणाऱ्या एकदोन गिटारी, खर्जाची एक गिटार, ढोलांचा संच, आणि सर्वांपुढें मायक्रोफोनपाशीं उभा असलेला एक मनुष्य. त्या मनुष्याला इंग्रजींत फ्रंटमन म्हणतात. शब्दाचा अर्थ 'पुढें उभा राहणारा' एवढाच. 'उत्तम गाणारा' असा नव्हे. मराठींत त्याला कोणी अग्रणी म्हणेल, कोणी मुख्य गायक म्हणेल. मला 'म्होरक्या' हा आपला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. म्होरक्या मेंढरांच्या कळपाला असतो, मेळ्याला असतो आणि दरोडेखोरांच्या टोळीलाही असतो. त्या शब्दांत स्तुति नाहीं, निंदाही नाहीं. तो वळेल तिकडे बाकीचे वळतात, एवढेंच तो शब्द सांगतो.

आपल्या बैठकीच्या गाण्याला असा मनुष्य लागत नाहीं. गवई बसून गातो, श्रोते बसून ऐकतात, आणि पहिल्या रांगेंतील जाणत्यानें मान डोलविली कीं गवयाला पावती मिळाली. रॉकच्या जलशाची गोष्ट वेगळी. १९६० नंतरच्या दहापंधरा वर्षांत ध्वनिवर्धक यंत्रें इतकीं बलवान झालीं कीं लहानशा सभागृहांतील गाणें पन्नास पन्नास हजारांच्या क्रीडांगणांत गेलें. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत यंत्रानें पोंचविला. माणूस मात्र पोंचला नाहीं. मागें उभा असलेल्याला रंगमंचावरील गायक तिळाएवढा दिसतो. तो तिळाएवढा मनुष्य आपल्याशींच बोलत आहे असें त्या मागच्याला वाटावयास लावणें, हें म्होरक्याचें काम. आपल्याकडे याला जवळचें उदाहरण शोधावयाचें तर तें पोवाडा गाणाऱ्या शाहिराचें: हातांत डफ, पाठीशीं झीलकरी, आणि समोर उघड्या मैदानांत जमलेलें गांव.

याद्या करणारे बहुधा प्रथम गळा मोजतात. हें स्वाभाविक आहे, पण वाट येथेंच चुकते. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकानें २००८ सालीं सर्वश्रेष्ठ गायकांची यादी केली, तेव्हां पहिलें स्थान अरेथा फ्रँकलिन या बाईंना दिलें. तें योग्यच होतें. पण त्या कोणत्याही रॉक बँडच्या म्होरक्या नव्हत्या. उलट 'रोलिंग स्टोन्स' या बँडचा मिक जॅगर घ्या. गायनवर्गाच्या मापानें त्याचा गळा सामान्य. वरच्या पट्टींत तो गातो कमी आणि ओरडतो अधिक. तरीही १९६२ पासून त्या बँडपुढें दुसरा कोणी उभा असल्याची कल्पनाही कोणाला करवत नाहीं. 'लेड झेपेलिन'च्या रॉबर्ट प्लँटचा गळा त्याच्या दसपट समर्थ. हा प्लँट आणि त्याचा गिटारवादक जिमी पेज १९७२ सालीं मुंबईस येऊन येथील वादकांच्या साथीनें दोन गाणीं ध्वनिमुद्रित करून गेले होते. तीं अधिकृतपणें बाहेर येण्यास २०१५ साल उजाडलें. परंतु प्लँट लोकांना आपलें गाणें दाखवितो आणि जॅगर लोकांना हलवितो. दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत, पण एक नव्हेत.

दुसरी कसोटी दिसावयास फार शास्त्रीय आहे. तो मनुष्य काढून टाका आणि मागें काय उरतें तें पाहा, असें तिचें म्हणणें. 'डोअर्स'चा जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ रोजीं पॅरिसमध्यें वारला. उरलेल्या तिघांनीं आणखी दोन ध्वनिमुद्रिका काढल्या आणि १९७३ सालीं बँड मोडला. एप्रिल १९९४ मध्यें कर्ट कोबेन गेला, आणि 'निर्वाणा' त्याच्याबरोबर संपला. कसोटी खरी ठरली असें म्हणावें, तों 'एसी/डीसी'चा दाखला आडवा येतो. त्यांचा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्यें वारला. ब्रायन जॉन्सन हा नवा गायक आला. आणि त्याच वर्षीं जुलैमध्यें निघालेली 'बॅक इन ब्लॅक' ही ध्वनिमुद्रिका जगांत सर्वाधिक खपलेल्या मोजक्या मुद्रिकांत जाऊन बसली. म्हणून बॉन स्कॉट सामान्य होता काय? मुळींच नाहीं. 'जेनेसिस'मधून १९७५ सालीं पीटर गॅब्रिएल बाहेर पडला, तेव्हां मागें बसून ढोल वाजविणारा फिल कॉलिन्स पुढें येऊन उभा राहिला, आणि बँडचा खप पूर्वीपेक्षां वाढला. 'लेड झेपेलिन' तर १९८० सालीं संपला तो गायकाच्या नव्हे, ढोलवाल्याच्या मृत्यूनें. या कसोटीनें बँडची चिकाटी मोजली जाते. म्होरक्याची थोरवी तिच्या हातीं लागत नाहीं.

खप, पारितोषिकें आणि पोशाख यांविषयीं मी बोलत नाहीं.

उरतो जमाव. माझ्या मतें म्होरक्याची परीक्षा जमावांत आणि जमावांतच होते, आणि ती दोन भागांची आहे. हजारों परके लोक त्यानें एक केले काय, हा पहिला भाग. एक झालेल्या त्या लोकांना त्यानें कोठें नेलें, हा दुसरा. पहिल्या भागाचे गुण सर्व परीक्षक देतात. दुसऱ्या भागाचें पान मात्र उलटलेंच जात नाहीं.

तें पान उलटावयाचें तर जॅगरकडेच परत गेलें पाहिजे. ६ डिसेंबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांत आल्टमाँट येथील मोटारशर्यतीच्या मैदानावर 'रोलिंग स्टोन्स'चा एक फुकट जलसा झाला. सुमारें तीन लाख लोक जमले. जागा ऐन वेळीं बदललेली, रंगमंच जेमतेम कमरेएवढा उंच, आणि त्याच्या रक्षणास ठेवलेले लोक म्हणजे मोटारसायकलींवरून हिंडणारी 'हेल्स एंजल्स' ही दांडगी टोळी. दिवसाउजेडींच मारामाऱ्या सुरू झाल्या. 'जेफर्सन एअरप्लेन' या बँडचा गायक मार्टी बॅलिन त्यांतली एक सोडविण्यास रंगमंचावरून खालीं उतरला, तर त्यालाच बेशुद्ध होईपर्यंत मार बसला. रात्रीं जॅगर गाऊं लागला. गाणें मध्येंच थांबवून त्यानें लोकांना शांत राहण्याची पुनःपुन्हा विनंति केली. त्या विनंत्या ऐकतांना हाच का तो, असा संशय येतो. आवाज त्याचाच, पण त्यांतला म्होरक्या नाहींसा झालेला. रंगमंचापासून थोड्याच अंतरावर, पिस्तूल उपसलेल्या एका अठरा वर्षांच्या कृष्णवर्णी तरुणाला टोळीतील एकानें भोसकून ठार केलें. हें सारें 'गिमी शेल्टर' या १९७० सालच्या चित्रपटांत टिपलें गेलें आहे. संकलनाच्या यंत्रापाशीं बसून तींच चित्रें पुन्हा पाहणारा जॅगरही त्यांत दिसतो.

सारा दोष त्याचा नव्हता, हें उघड आहे. व्यवस्था अनेकांनीं मिळून बिघडविली होती. तरीपण विझविण्याचें साधन हाताशीं नसतां पेटवावयास उभें राहण्याचा भाग त्याच्याकडे राहतोच. ज्या मास्तरानें वर्ग हंसविला, त्याला तो गप्प करतां आला पाहिजे. नुसतें हंसविणें कोणालाही साधतें.

आतां दुसरें मैदान पाहूं. १३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियांतील दुष्काळग्रस्तांसाठीं लंडनचें वेंब्ले क्रीडांगण आणि अमेरिकेंतील फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणीं एकाच दिवशीं 'लाइव्ह एड' हा जलसा झाला. वेंब्लेला सुमारें ७२,००० लोक होते. 'क्वीन' या बँडची पाळी संध्याकाळीं पावणेसातच्या सुमारास आली, आणि तिला मिळालीं वीस-एकवीस मिनिटें. इंग्लंडांत जुलै महिन्यांत त्या वेळीं चांगलें ऊन असतें. म्हणजे रंगीत दिवे नाहींत, धूर नाहीं, अंधार नाहीं. ज्या साधनांवर असल्या जलशांचा निम्मा डोलारा उभा असतो, तीं सारीं काढून घेतलेलीं. लोकही केवळ क्वीनचे चाहते नव्हेत; दुपारपासून एकामागून एक बँड ऐकून दमलेले. अशा वेळीं फ्रेडी मर्क्युरी बाहेर आला. अंगांत पांढरी बिनबाह्यांची बंडी, आणि हातांत खालचा पाया नसलेला मायक्रोफोनचा अर्धा दांडा.

पुढें जें घडलें तें पुष्कळांनीं चित्रफितीवर पाहिलें असेल. दुसऱ्या गाण्याच्या झिलीवर बहात्तर हजार लोकांचे हात एकदम डोक्यावर गेले आणि दोन टाळ्या एका तालांत पडल्या. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा एक मिनिटाहूनही कमी असा भाग, ज्यांत गाणें मुळीं नाहींच. वाद्यें थांबलेलीं असतात. तो एक निरर्थक स्वरसमूह उच्चारतो आणि थांबतो. लोक तो परत करतात. मग त्याहून थोडा अवघड; तोही परत येतो. मग एक स्वर तो इतका लांबवितो कीं सामान्य माणसाचा दम पुरूं नये. लोक तोही घेतात, तुटका कां होईना. शेवटीं तो एक बरीच वेडीवांकडी तान टाकतो, तींत लोक अडखळतात, आणि तो हंसून त्यांची पाठ थोपटल्यासारखें कांहीं बोलून पुढच्या गाण्याकडे वळतो. हा क्रम नीट पाहावा. पहिला प्रश्न सर्वांना येईल असा, शेवटचा बहुतेकांना न येणारा, मधले चढत्या पायरीचे, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तराला पुरेसा अवकाश. नवशिका शिक्षक वर्ग ताब्यांत घेण्यासाठीं आवाज चढवितो; जाणता शिक्षक प्रश्न विचारून थांबतो. त्या थांबण्याला धैर्य लागतें, कारण उत्तर न आलें तर फजिती आपली असते. बहात्तर हजारांपुढें असें थांबणें किती जणांना जमेल? आणि लक्षांत घ्यावें कीं हें सर्व आयत्या वेळचें स्फुरण नव्हतें. त्या वीस मिनिटांसाठीं चौघांनीं लंडनच्या शॉ नाट्यगृहांत तालमी केल्या होत्या.

त्याच दिवशीं त्याच रंगमंचावर 'यू टू' या आयरिश बँडच्या बोनोनें दुसराच मार्ग धरला. गाणें चालू असतां तो रंगमंचावरून खालीं उतरला, गर्दीतून एका मुलीला बाहेर काढवून घेऊन तिच्याबरोबर नाचला, आणि या खटाटोपांत गाणें बारा मिनिटें लांबलें. ठरविलेलें तिसरें गाणें राहूनच गेलें. त्याच्या सोबत्यांना तो दिसतही नव्हता. ते बिचारे तीच चाल वाजवीत राहिले. सर्व मातेरें झालें असें त्यांना वाटलें. पण पाहणाऱ्यांच्या मनांत तीच गोष्ट राहिली. बोनोनें जमावांतून एक माणूस निवडला. मर्क्युरीनें कोणालाच निवडलें नाहीं. मला दुसरी रीत अधिक कठीण वाटते. एकाशीं बोलून बाकीच्यांना सुखावणें निराळें, आणि मागच्या भिंतीला टेकलेल्याला उत्तर द्यावयास लावणें निराळें.

या फ्रेडी मर्क्युरीचा आपल्या महाराष्ट्राशीं खरा संबंध आहे. त्याचें मूळ नांव फारुख बलसारा. पारशी कुटुंबांत, झांझिबार येथें, ५ सप्टेंबर १९४६ रोजीं त्याचा जन्म झाला. वडील तेथें ब्रिटिश सरकारच्या नोकरींत होते. आठ वर्षांचा असतां त्याला सातारा जिल्ह्यांतील पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत पाठविलें. 'फ्रेडी' हें नांव तेथलेंच. १९५८ च्या सुमारास त्या शाळेंतील पांच मुलांनीं 'द हेक्टिक्स' नांवाचा बँड काढला. आतां गंमत पाहा: त्या बँडचा म्होरक्या फ्रेडी नव्हता. गाणारा मुलगा दुसराच. फ्रेडी बाजूला पियानोवर. पांचगणीस त्याच्या वसतिगृहाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण यांत त्या शाळेला कमीपणा नसून त्याच्या पुढच्या करणीचा उलगडा आहे. जो पुष्कळ दिवस बाजूला बसून पुढच्याकडे पाहतो, त्याला पुढें उभें राहणें म्हणजे काय हें नीट कळतें. १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलें, आणि १९७० सालीं क्वीन बँड निघाला. आपल्या या पूर्वायुष्याविषयीं तो चारचौघांत फारसें बोलत नसे. तेव्हां 'आमचा फ्रेडी' म्हणतांना आपणही बेतानेंच म्हणावें.

त्याच्या गळ्याविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे, नाहींतर गळ्याला मीं अन्याय केला असें होईल. २०१६ सालीं युरोपांतील कांहीं स्वरशास्त्रज्ञांनीं त्याच्या ध्वनिमुद्रणांची यंत्रांनीं तपासणी केली. त्याचें बोलणें मध्यम-खर्जाच्या पट्टींतलें, पण गाणें तार पट्टींतलें, असें त्यांना आढळलें. आणि लांबविलेल्या स्वरावरचें त्याचें आंदोलन सेकंदाला सुमारें सात वेळां होतें, म्हणजे पाश्चात्य गायकांच्या नेहमींच्या गतीहून जलद. दुरून ऐकणाऱ्याला जी एक थरथर, एक घाई त्या आवाजांत जाणवते, तिचें मूळ बहुधा येथें असावें.

पण सारें श्रेय एकट्याला देणें हाही यादीवाल्यांचाच दोष आहे. वेंब्लेला ज्या गाण्यावर टाळ्या पडल्या तें ढोलवादक रॉजर टेलरचें. पायांनीं दोनदां धरणी दणाणवून तिसऱ्या मात्रेला टाळी देण्याचें १९७७ चें प्रसिद्ध गाणें गिटारवादक ब्रायन मे याचें. त्याच वर्षीं स्टॅफर्ड येथील एका जलशानंतर श्रोते घरीं न जातां आपण होऊन गाऊं लागले. तें ऐकून, उभ्या गर्दींतल्या माणसाला करतां येईल असें आपण कांहीं तरी दिलें पाहिजे, हें मे याला सुचलें. चौथा, खर्जाची गिटार वाजविणारा जॉन डीकन, मितभाषी. त्याचींही गाणीं गाजलीं. म्हणजे जमावाला वांटा देण्याची बुद्धि चौघांचीही होती. मर्क्युरीनें तिला हातपाय दिले. पहिलें स्थान मी त्याला देतों तें एवढें समजून देतों.

दुसरें स्थान, आल्टमाँट विसरून नव्हे तर ध्यानांत ठेवूनच, जॅगरचें. २००३ च्या एप्रिलमध्यें मुंबईच्या ब्रेबॉर्न क्रीडांगणांत तो येऊन गेला तेव्हां साठीला टेकला होता. २०२४ च्या उन्हाळ्यांत वयाच्या ८० व्या वर्षीं तो अमेरिकेचीं क्रीडांगणें धांवून काढीत होता. पंचावन्न वर्षें त्यानें दुसऱ्या भागाची परीक्षा पुन्हा पुन्हा दिली आहे, आणि ती उत्तीर्ण झाला आहे.

तिसरें नांव बायकांतून. फ्रंटमन या शब्दांतच पुरुष बसलेला असल्यानें याद्यांत त्या मागें पडतात. मी जॅनिस जॉप्लिनचें नांव घेतों. टेक्सासची ही मुलगी १९६६ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बँडपुढें उभी राहिली. जून १९६७ मध्यें माँटेरेच्या संगीतमहोत्सवांत तिचें गाणें झालें, पण त्याचें चित्रीकरण झालें नव्हतें. तेव्हां चित्रीकरणासाठीं बँडला दुसऱ्या दिवशीं पुन्हा गावें लागलें. आज आपण जें पाहतों तें हें दुसऱ्या दिवसाचें गाणें. तें ऐकणाऱ्या एका प्रसिद्ध गायिकेचा आश्चर्यानें उघडा राहिलेला जबडाही त्या चित्रपटांत टिपला आहे. जॉप्लिन ४ ऑक्टोबर १९७० रोजीं वारली, तेव्हां ती २७ वर्षांची होती. जॅगरच्या पंचावन्न वर्षांपुढें तिचीं चार. पण या परीक्षेंत नोकरीच्या वर्षांना गुण नाहींत.

एक आक्षेप उरतो. वेंब्लेच्या त्या वीस मिनिटांचें चित्रण झालें नसतें, तर मर्क्युरी पहिला आला असता काय? आपण त्याला मोजीत आहों कीं चित्रफितीला? आक्षेप खोटा नाहीं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, एड्स झाल्याचें जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, तो वयाच्या ४५ व्या वर्षीं वारला. त्यानंतरची त्याची कीर्ति बरीचशी पडद्यावरचीच आहे. परंतु १२ ऑगस्ट २०१२ रोजीं लंडनला ऑलिंपिक खेळांचा समारोप झाला, तेव्हां क्रीडांगणांतील मोठ्या पडद्यांवर त्याचें एक जुनें चित्र दाखविलें. त्या चित्रांत तो आपला तोच निरर्थक स्वरसमूह उच्चारतो आणि थांबतो. क्रीडांगणांत वाद्य वाजत नव्हतें, आणि लोकांना गा म्हणून सांगणारा जिवंत माणूस समोर उभा नव्हता. लोकांनीं उत्तर दिलें. त्यानें पुढचा स्वर टाकला, त्यालाही दिलें. तेथें हजर असलेल्यांत जे वीस वर्षांखालचे होते, ते सारे त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले होते.